जास्तीत जास्त चार

५ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण विचारलं की तू चिडतेस. फोन करणार होतो, पण मागच्या वेळी तू म्हणालीस, 'फोनवर तू भाषण करतोस, त्यापेक्षा पत्र लिही, ते मला हवं तिथे थांबवता येतं.' म्हणून पत्र.

बातमी मोठी आहे, बसून वाच. आमच्याकडे फाळणीच्या आठवणींचं संग्रहालय होतंय. जुन्या गोदामाची डागडुजी करून दोन मजले आणि एक तळघर. २० मार्चला उद्घाटन, आणि प्रमुख वक्ता म्हणून तुझा भाऊ. मी नको नको म्हणत होतो. दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा जरा हळू.

माझं 'सुटलेला हात' हे प्रकरण मी गेली तीस वर्षं शाळाशाळांतून सांगत आलोय. तुला त्रास होईल म्हणून कधी पाठवलं नव्हतं. आता पाठवणं भाग आहे, कारण संग्रहालयाचा नियम असा, की लहानपणच्या आठवणीवर त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही हवी. सही नसेल तर ती 'ऐकीव' विभागात जाते. ऐकीव विभाग तळघरात आहे, पाण्याच्या पंपाशेजारी.

अठराही पानं सोबत आहेत. सगळी वाचायला वेळ नसेल तर शेवटचं तरी वाच: 'पेटलेला पूल, धुराचे लोट, वरून कोसळता पाऊस. माझी पाच वर्षांची चिमुकली मूठ ताईच्या मुठीत. माणसांचा लोंढा आला आणि हात सुटला. तो हात मला पुन्हा कधीच मिळाला नाही.' इथे सभागृहात हमखास रुमाल निघतात.

एक शिल्पकार या दोन हातांचं दहा फुटी शिल्प करतोय, प्लास्टरमध्ये. त्याला तुझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून हवाय. खरं तर बारा वर्षांच्या मुलीचा हवा, पण आत्ताचा चालेल, तो लहान करून घेईल.

सही प्रत्येक पानावर कर, आणि जरा वाचता येईल अशी.

तुझा धाकटा भाऊ
(निवृत्त मुख्याध्यापक)


१७ जानेवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. नेहमीसारखं कुणीतरी उघडून, वाचून, परत डिंकाने चिकटवलेलं होतं. तुझी अठरा पानं नोकरीपायी वाचावी लागली त्या साहेबांची मला फार दया आली.

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, म्हटलं चुकून दुसऱ्या कुणाच्या बहिणीची पानं आली की काय.

अरे बारक्या, पूल पेटेल कसा? लोखंडी आहे तो. अजून आहे. दर तीन वर्षांनी त्याच्या कठड्याला राखाडी रंग लागतो, आणि तो माझ्याच दुकानातून जातो. पाऊसही नव्हता. उन्हाळा होता, आजीला घामोळ्यांनी जीव नकोसा झाला होता आणि ती सगळ्या जगाला शिव्या घालत होती. तू चालतही नव्हतास. तुला झोपेतच मी खांद्यावर टाकलं, दारापासून ट्रकपर्यंत आणलं आणि वर आईच्या हातात दिलं. आईने तुला गाद्यांच्या वळकटीवर ठेवलं. तोंड उघडं टाकून घोरत होतास. हे अठरा पानांत कुठेच कसं नाही?

आणि मुख्य गोष्ट, मी पुलावर नव्हतेच. मी आपल्या दारात उभी होते. ट्रक वळेपर्यंत उभी होते, मग आत गेले.

म्हणे हरवले! अठ्ठावन्न वर्षं मी त्याच गल्लीत राहतेय. टपाल सुरू झाल्यापासून चाळीस वर्षं तू मला पत्रं टाकतोयस. हरवलेल्या माणसाला पत्र कोणत्या पत्त्यावर टाकतात, ते एकदा तुझ्या सभागृहाला समजावून सांग.

मला ठेवून गेले ते पाट्यांच्या कामासाठी. तुला हे कुणी सांगितलं नाही? मला वाटायचं तुला ठाऊक आहे, लाजेने बोलत नाहीस.

सही करणार नाही. पंजा मात्र आखून पाठवते. संधिवाताने बोटं वाकली आहेत, सरळ होत नाहीत. शिल्पकाराला सांग, तशीच कर. हात का सुटला ते निदान लोकांना कळेल.

तुझी,
ताई


२९ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून तुझी भावजय इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलंय, सत्य म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं. पाऊस होता की ऊन, हे हवामान खात्याचं सत्य. माझं आहे ते भावनेचं सत्य. आतून मला पाऊसच आठवतो. त्याला मी काय करू?

शिवाय तू सत्तरीची झालीस. स्मृती दगा देते. मी हे प्रेमाने म्हणतोय.

तू हरवलीस हे मला आईने सांगितलं. मी रोज विचारायचो, 'ताई कुठाय?' आणि आई रोज सांगायची, 'गर्दीत हात सुटला रे तिचा.' इतक्या वेळा सांगितलं की मला तो हात दिसायला लागला. आता मी काय उठून सांगू, की माझी आई खोटं बोलली? ती उत्तर द्यायला नाही. बाबाही नाहीत. हरवलेली बहीण ऐकली की लोक रडतात. ठेवून गेलेली बहीण ऐकली की लोक बाबांकडे बोट दाखवतील. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांची नावं रंगवली, त्याच्या नावाला मी काळं फासू?

व्यावहारिक अडचणही आहे. पुलाची आग तयार झाली आहे. संग्रहालयाचे अध्यक्ष प्लायवूडचे व्यापारी आहेत, मोठे हौशी. नारिंगी कापडाच्या पट्ट्या, खाली पंखा, मागे दिवे. मी 'हात सुटला' म्हटलं की वायरमन बटण दाबणार. मी त्यांना हळूच विचारलं, आग नसली तर? तर म्हणाले, 'गुरुजी, पंखा आणलाय.'

ताई, फक्त शेवटच्या पानावर कर सही. बाकीची सतरा मी सांभाळून घेतो. माझं वय त्रेसष्ट. आजवर कुणी मला एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसवलं नाही. तळघरात, पंपाशेजारी, मला नाही जायचं.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

माझी स्मृती दगा देते काय? बरं, ऐक तर मग. वायरमनलाही बोलव ऐकायला.

आपले बाबा पेंटर, पण शेवटची दोन वर्षं त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. ते सुतळीने रेषा आखायचे, शिडी धरायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. अक्षरं मी काढायचे, तीही पहाटे, दुकानाची फळी अर्धी लावून, कुणी बघू नये म्हणून. गावभर लोक म्हणायचे, 'वय झालं तरी हात बघा काय वळणदार!' बाबा मान डोलवायचे. मी आतून ऐकायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

फाळणी झाली आणि आपलं गाव इकडच्या देशात पडलं. गावाचं नाव बदललं, मग टपाल कचेरी, शाळा, दवाखाना, वजनमापं, सगळ्यांच्या पाट्या बदलायच्या. त्रेसष्ट पाट्या. तारीख मला पाठ आहे: अकरा, मंगळवार. पोलीस ठाण्याचे अधिकारी स्वतः आले आणि म्हणाले, आठ दिवसांत सगळं झालं पाहिजे. तेराला तुमचा ट्रक निघायचा होता. बाबांनी मला दुकानात बोलावलं. म्हणाले, 'पाट्या अर्ध्या टाकून गेलो तर हे लोक पुलावर अडवतील. तू मागे राहा, उरक, शिंपीणमावशी शेजारी आहेच. आठ दिवसांत दुसरी खेप आहे, त्यात ये.'

बारा वर्षांच्या पोरीवर एवढं काम टाकलं त्यांनी! सांगू का, मला मोठेपणा वाटला. तुला न्यायचं होतं कारण तू काही कामाचा नव्हतास. मला ठेवलं कारण माझ्याशिवाय चालणार नव्हतं.

मी सात दिवसांत त्रेसष्ट पाट्या उरकल्या. शेवटची पुलावरची होती: 'येथून पुढे प्रवेश बंद.' फार सुरेख उतरली होती. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. आठव्या दिवशी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन दुसऱ्या खेपेची वाट बघत त्याच पाटीखाली उभी होते. खेप आली नाही. संध्याकाळी शिपायाने सांगितलं, 'पोरी, वर काय लिहिलंय ते वाचता येतं का?'

मग शिंपीणमावशीने घरी नेलं, तिच्या पोरींबरोबर वाढवलं, पुढे मी बाबांचं दुकान पुन्हा उघडलं. यात रडण्यासारखं काही नाही. रुमाल खिशातच राहू देत.

तेव्हा असं लिही: 'बहिणीला मागे ठेवून गेलो, कारण तिच्याशिवाय काम होणार नव्हतं.' एवढं लिहिलंस की अठराच काय, छत्तीस पानांवर सही करते. पण हरवलेली म्हणून मी कुठल्याही भिंतीवर लागणार नाही. हरवतात त्या छत्र्या आणि चाव्या.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

हे मला लिहायचं नव्हतं. बावीस वर्षं लिहिलं नाही. पण तू ऐकतच नाहीस. माझं वय, माझी शाळा, माझा पंखा, सगळ्याची टिंगल करून झाली, आणि वर मी 'काही कामाचा नव्हतो'.

आई गेल्यावर बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात पुलावरून जायचा परवाना आहे. वर छापलंय: 'एका कुटुंबास जास्तीत जास्त चार.' खाली चार ओळी भरल्या आहेत: स्वतः, पत्नी, आई, मुलगा. तुझं नाव नाही. आणि तारीख आहे चार.

चार, ताई. पाट्यांचं काम अकराला आलं, हे तूच लिहितेस, तारीख पाठ आहे म्हणतेस. म्हणजे पाट्यांचा पत्ताही नव्हता त्याच्या सात दिवस आधीच ठरलं होतं. तुला कामासाठी ठेवलं नाही. जागा चार होत्या आणि आपण पाच होतो. आजीला मागे टाकता येत नव्हतं आणि मी मुलगा होतो. बस, एवढंच आहे ते. तू लागत होतीस म्हणून नाही राहिलीस. तू जास्त झालीस म्हणून राहिलीस.

'हात सुटला' हे मी कुणासाठी सांगत फिरतोय, असं तुला वाटतं?

धाकटा


२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परवाचं पत्र आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असेल तर पहिल्या ओळीपाशी थांब. वाचून झालं असेल तर मला दोन शिव्या घाल, पण पत्राने घाल, गप्प बसू नकोस.

मी ते रागात टाकलं आणि पेटीत पडल्याचा आवाज झाला तसं माझं धाबं दणाणलं. पोस्टात जाऊन परत मागितलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, 'पत्रात काय आहे?' मी म्हटलं, 'मूर्खपणा.' त्या म्हणाल्या, 'त्याचा वेगळा फॉर्म नाही.'

चाळीस वर्षं आपली पत्रं वाचणाऱ्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदाच उपकार करा आणि ते पत्र गहाळ करा. एरवी न सांगता करता.

बारक्या


८ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. साहेबांनी काहीही गहाळ केलं नाही. उलट या खेपेला डिंक जास्त लावलाय.

उत्तराला वेळ लागला कारण काय लिहावं ते सुचेना. मला सुचेना, म्हणजे बघ.

त्या परवान्यावरचं अक्षर तू नीट पाहिलंस का रे? चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यास आणि घरातलं अक्षर ओळखता आलं नाही? ठाण्यातल्या कारकुनाचं अक्षर इतकं दिव्य होतं, की पुलावरचे शिपाई वाचता येत नाही म्हणून माणसं परत पाठवायला लागले. मग अधिकाऱ्यांनी कोरे परवाने पेंटरकडे पाठवले, बाबांकडे. आणि बाबांचा हात तर कापायचा. तर मग भरले कुणी? चारशेच्या वर परवाने मी भरले, दुकानाच्या पाटावर बसून. बाबा समोर बसून नावं सांगायचे, मी लिहायचे.

आपलाही मीच भरला. बाबा म्हणाले, 'स्वतः.' लिहिलं. 'पत्नी.' लिहिलं. 'आई.' लिहिलं. मग थांबले. हाताला लागलेला रंग फडक्याने पुसत बसले, रंग निघाला तरी पुसतच बसले. मग म्हणाले, 'मुलगा.' मी लिहिलं. वळण बिघडू दिलं नाही.

आता खरी गोष्ट ऐक, ती तुझ्या पेटीत नाही. आदल्या दिवशी पाववाला आला होता. त्याच्या घरात सहा माणसं. रडत होता. बाबांनीच मला सांगितलं, 'याला दोन परवाने भर. दोन कुटुंबं दाखव, तीन आणि तीन.' मी भरले. सहाच्या सहा पार गेले. तशी अजून तीन घरं केली आपण. म्हणजे युक्ती होती, बाबांचीच होती, कोरे कागद माझ्या मांडीवर होते. मी आपला परवाना लिहून झाल्यावर दौत उघडीच ठेवली. वाट बघितली, आता म्हणतील, 'अजून एक भर.' ते नाही म्हणाले. अधिकारी त्यांना ओळखत होते, घरात किती माणसं ते त्यांना माहीत होतं. बाबा घाबरले. दुसऱ्यांसाठी नाही घाबरले, आपल्यासाठी घाबरले. आणि मी नाही म्हटलं, 'बाबा, माझं?' कारण मोठ्यांनी सांगितलं की लिहायचं, एवढंच मला येत होतं.

नंतर लोक विचारायचे, 'का गं, तुलाच का टाकून गेले?' पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'पाट्यांचं काम होतं.' ऐकणाऱ्याचा चेहरा एकदम बदलला, कौतुक दिसलं. मग मी तेच धरून ठेवलं. अकरा तारखेला बाबांनी खरंच मला दुकानात बोलावलं होतं, पाट्या खरंच रंगवल्या. सांगितलेलं कारण तेवढं खोटं. इतकी वर्षं घासून पुसून ठेवलं की मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या पत्राने खरवडलं ते. राग आला, खूप आला. तीन दिवस तुझ्याशी मनात भांडले, आणि तिथेही तू भाषणच करत होतास.

म्हणजे तुझी आग आणि माझ्या पाट्या. दोघांनीही माल तोच विकला, माझा जरा टिकाऊ निघाला.

तुला हवं ते बोल वीस तारखेला. मी अडवत नाही. फक्त त्यावर माझी सही मागू नकोस.

ताई


२२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

झालं उद्घाटन. जसं झालं तसं सांगतो.

अठरा पानं खिशात होती, ती काढलीच नाहीत. उभा राहिलो आणि म्हणालो, 'माझी बहीण हरवली नाही. आम्ही पाच होतो, परवाना चौघांचा होता. आम्ही तिला ठेवून गेलो. त्या चौघांत मी होतो आणि मी झोपलो होतो. तीस वर्षं मी तुम्हाला दुसरं सांगितलं. ते खोटं होतं.' एवढंच. बाबांचंही सांगितलं, पाववाल्यासकट. भीती वाटत होती, लोक बाबांना नावं ठेवतील. ठेवली असतीलही. पण मला त्या क्षणी त्यांचा तो रंग पुसणारा हातच दिसत होता, आणि मला त्यांची फार कीव आली. रागही आला. दोन्ही एकदम येतं, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

वायरमन बिचारा 'हात सुटला' या शब्दांची वाट बघत होता. ते येईनात, तेव्हा त्याने आपल्या अकलेने बटण दाबलं. माझ्या मागे पूल पेटला. पंखा इतक्या जोरात की अध्यक्षांची टोपी उडाली. पहिल्या रांगेतल्या एक बाई, माझ्या भाषणाला दरवर्षी येतात, रुमाल काढून तयार बसल्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, 'छान बोललात हो गुरुजी, पण हाताचं नाही का सांगणार?' अध्यक्ष आता मला गुरुजी म्हणत नाहीत. शिल्पाखाली त्यांनी 'कल्पित' अशी चिठ्ठी लावली आणि माझी नवी आठवण सही नाही म्हणून तळघरात पाठवली. मी जाऊन बघून आलो. पंप फार आवाज करतो, पण गारवा आहे.

एक गोष्ट मात्र झाली. गर्दी पांगल्यावर एक म्हातारा आला, जुना मेकॅनिक, हातांच्या रेषांत अजून काळं तेल. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, 'आम्ही सहा होतो.' बस. चहाही न घेता गेला. मी त्याला विचारायला हवं होतं, मागे कोण राहिलं.

रात्री घरी येऊन हिशोब केला— पैशांचा नाही, पत्रांचा. चाळीस वर्षांत तुला काही नाही तरी तीनशे पत्रं लिहिली असतील. माझं गुडघ्याचं दुखणं, माझी बढती, माझी भाषणं. ट्रक वळला, तू आत गेलीस असं तू लिहिलंस. आत गेल्यावर तू काय केलंस, हे मी एकदाही विचारलं नाही. आज विचारतो. हे कुठे बोलणार नाही, लिहिणार नाही. मला फक्त कळायला हवंय.

सहीचा कागद सोबत आहे. चारच ओळींचा. नाही केलीस तरी चालेल.

बारक्या


४ एप्रिल

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

सही केली आहे, कागद सोबत आहे. तुझ्या चार ओळींत शुद्धलेखनाची चूक नाही, त्याबद्दल शाबासकी.

तू विचारलंस, तर सांगते. हे शिंपीणमावशीलाही कधी सांगितलं नाही.

ट्रक वळल्यावर मी आत जाऊन रडले, असं तुला वाटत असेल. मी झोपले. आजीच्या खाटेवर, मधोमध, हातपाय पसरून. मावशी बोलवायला आली तर तिला म्हटलं, मी आपल्याच घरी झोपणार. सकाळी उठून सवयीने पाच जणांचं पाणी भरलं. भरल्यावर लक्षात आलं की आता एवढं लागत नाही. मग ते सगळं तापवलं आणि सगळ्याने एकटीने आंघोळ केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दार वाजवलं नाही, 'आटप गं' म्हणून कुणी ओरडलं नाही. मग दूध तापवलं. त्यावरची साय आई रोज तुझ्यासाठी काढून ठेवायची, ती मी खाल्ली, बोटाने, पातेल्यातूनच. बाबांच्या मोठ्या आरशासमोर बसून केस मोकळे सोडले. गाणं म्हटलं, मोठ्याने.

मी खूश होते रे. अगदी मनापासून खूश होते. सगळं घर माझं एकटीचं. परवान्याचं आठवत होतं, नव्हतं असं नाही, पण त्याहून साय गोड लागली. तुम्हा सगळ्यांचा मला इतका राग आला होता आणि इतकं बरं वाटत होतं, की मी उंबऱ्यावर बसून डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, आठ दिवसांचे पंधरा कर.

पंधराच म्हटलं होतं रे मी.

तुझी,
ताई